काळी चार

मिरजेत तंबोरा घ्यायला गेलात तर सतारमेकर आधी किंमत सांगत नाही, पट्टी विचारतो. बाईंसाठी हवा की बुवांसाठी, आणि गाता कुठल्या पट्टीत? त्यावरून तो मागे टांगलेल्या भोपळ्यांकडे बघतो. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, वाळून खणखणीत झालेले. बुवांसाठी मोठ्या पोटाचा, बाईंसाठी आटोपशीर. अब्दुल करीम खाँसाहेब ज्या गावात राहिले आणि 1937 साली दर्ग्याच्या आवारात विसावले, त्या गावात माणसाची पट्टी विचारणं हे त्याचं आडनाव विचारण्याइतकंच साधं आहे.

माझ्या आईला तंबोरा कुणी करून दिला नाही. ती मिशन हॉस्पिटलात सिस्टर होती. कागदोपत्री वानलेस हॉस्पिटल, पण गावाच्या तोंडी मिशनच. तिची पट्टी मात्र आमच्या अख्ख्या कॅरलपार्टीला पाठ होती. काळी चार. पुरुषमंडळी कुरकुरायची. खाली गेलं की आवाज बसतो, वर गेलं की फाटतो, सिस्टर जरा उतरवा की. आई म्हणायची, "उतरवलं तर मला येत नाही, आणि मला आलं नाही तर तुम्हाला कुठलं येतंय!" ते खरंही होतं. तिनं सूर लावल्याशिवाय कुणी तोंड उघडत नसे.

नाताळ म्हटलं की वर्तमानपत्रं बांद्र्याचे नाहीतर पुण्याच्या कॅम्पातले फोटो छापतात. आमचा नाताळ बघण्याचा नव्हता, चालण्याचा होता. चोवीस तारखेला रात्री जेवणं आटोपली की फाटकापाशी जमायचं. पेटीवाल्याच्या गळ्यात पट्ट्यानं अडकवलेली पेटी, एक ढोलकी, दोन झांजा, पाळकसाहेबांच्या हातात कंदील. ढोलकीवर सतारमेकर गल्लीतला एक चाचा असायचा. त्याला सगळी गाणी येत, फक्त "आमेन" कधी म्हणायचं ते चुकायचं आणि दर वर्षी तिथंच हशा पिकायचा.

आधी वॉर्ड. तिथं ढोलकी बंद, चपला हातात. आई पुढं, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटात. ती एरवीही चालायची ती ड्यूटीवर निघाल्यासारखीच, मला मागं पळावं लागे. वॉर्डात विलायती चालीवरची गाणी, संथ, जवळजवळ पुटपुटल्यासारखी. कर्नाटकातून रेल्वेनं, शिवाय कोकणातूनही आलेले पेशंट उशीवरून मान वळवून बघत. मिरज जंक्शनवर तेव्हा तिन्ही मापांचे रूळ होते, त्यामुळं कुठल्या कुठल्या मुलखातली दुखणी इथं उतरत. 1889 साली हिंदुस्थानात आलेल्या विल्यम वानलेस या डॉक्टरनं आधी सांगलीत दवाखाना चालवला आणि 1894 साली मिरजेत हे हॉस्पिटल उघडलं. सरकारनं 1928 साली त्यांना 'सर' केलं. आई मात्र त्यांचा उल्लेख नुसता 'साहेब' असा करायची, जणू कालच राउंड घेऊन गेलेत. 1933 साली ते वारले, त्यानंतर तेरा वर्षांनी ही जन्मली! पण ट्रेनिंगच्या काळात जुन्या मेट्रननं सांगितलेलं तिला पुरेसं होतं.

रस्त्यावर आलो की गाणं बदलायचं. झांजा सुटायच्या. मग नारायण वामन टिळकांची भजनं, अभंगाच्या वळणाची. आईचं माहेर साताऱ्याचं. तिच्या आजीनं लहानपणी साताऱ्यात टिळकांचं कीर्तन ऐकलेलं. 1917 साली टिळकांनी तिथं 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. दोन वर्षांत, 1919 च्या मे महिन्यात ते गेलेच. पण ख्रिस्ती घरातल्या म्हाताऱ्यांनी पायपेटीच्या विलायती सुरांतून बाहेर येऊन मांडी घालून टाळ हातात घेतले, ते त्यांच्यामुळं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आईच्या उशाशी असत. मधूनच वाचता वाचता एकटीच खुदकन हसायची.

तिची बदली वानलेसवाडीच्या क्षयरोग आरोग्यधामात झाली तेव्हा फेरी लांबली. मिरजेतून सांगली रस्त्यानं अंधारातून चालत जायचं. दोन्ही बाजूंनी उसावरून येणारा गारठा, मफलर नाकापर्यंत. तिथले पेशंट महिनोन् महिने राहणारे. घरची माणसं रोगाच्या भीतीनं फिरकत नसत. आम्ही अंगणात उभे, ते लांबलचक व्हरांड्यात, घोंगड्या पांघरून. टाळ्या वाजवायची त्यांच्यात ताकद नसायची, म्हणून ते ताटावर चमचे वाजवायचे. वेगवेगळ्या कॉटवरून, वेगवेगळ्या लयीत. पेटीवाला वैतागायचा. आई म्हणायची, "वाजवू देत. आज त्यांच्या तालात."

घरी तारा असायचा. दिवाळीला आकाशकंदील करून देणाऱ्या बुरडाकडूनच कामट्या आणायच्या, तोही डिसेंबरात न सांगता दोन जुड्या बाजूला ठेवायचा. पाच टोकांचे दोन सांगाडे, एकावर एक ठेवून टोकं बांधायची, मग आतल्या पाच कोनांत बोटाएवढ्या काड्या आडव्या घालायच्या. त्यानं ताऱ्याला पोट येतं आणि दिव्याला जागा होते. मैद्याची खळ शिजवताना चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं लागत नाहीत. त्यावर लाल पतंगी कागद. कागद मी चिकटवायचे. बांधायचं काम तिचं.

ती गेली त्याला आता तीन वर्षं झाली. ऑक्टोबर होता. तब्येतीचं जे काय झालं ते इथं लिहीत बसत नाही, शेवटच्या आठवड्यात आवाज गेला होता एवढंच. बोटानं चादरीवर ताल धरायची, मी ओळखायची गाणं कुठलं ते. दोनदा चुकले. तिनं डोळे मिटून घेतले.

त्या वर्षी आम्ही नाताळ केला नाही, सुतकाच्या घरी करतही नाहीत. दुसऱ्या वर्षी मिरजेत थांबवेना, म्हणून चोवीसला सकाळी साताऱ्याची गाडी धरली. स्टँडवर उतरून पोवई नाक्यापर्यंत चालले, तिथून राजवाडा, मग मागं. डोक्यावर अजिंक्यतारा. काय शोधत होते? आईच्या आजीनं ऐकलेल्या कीर्तनाची जागा? त्या दरबाराला भिंती होत्याच कुठं, सापडायला. राजवाड्यासमोर मुलं भेळ खात होती. एका खिडकीत चमचमणारा प्लॅस्टिकचा तारा लोंबत होता, किमतीची चिठ्ठी न काढलेला. पायाचे तुकडे पडेपर्यंत फिरले, पावशेर कंदी पेढे घेतले आणि मुक्कामाला राहायचं ठरवून आलेली मी रात्रीच्या गाडीनं परत निघाले. तिकडं कुणी मला ओळखत नव्हतं. त्यासाठीच तर गेले होते, आणि तेच सोसवलं नाही.

परवाच्या नाताळला माळ्यावरून तारा काढला. कागद उंदरांनी नाही, उन्हानंच खाल्लेला. बोट लावलं की भुगा. तो सगळा झटकला आणि नुसता सांगाडा मांडीवर घेतला. टोकांच्या गाठी दिसल्या. इतकी वर्षं कागदाखाली होत्या, मी कधी नीट बघितल्याच नव्हत्या. साधी निरगाठ एकही नाही. पहिल्या वेढ्यात दोरा दोनदा फिरवलेला, मग उलटा एक, मग सुलटा एक, आणि टोकं सारख्या लांबीवर कापलेली. टाक्याची गाठ. ऑपरेशन थिएटरात जन्म काढलेल्या बाईनं बांबूच्या कामट्यासुद्धा टाके घालून शिवल्या होत्या. एक काडी निसटली होती. ती मी माझ्या गाठीनं बांधली, ढोबळ, दोनदा सुटली. बाकीच्यांना हात लावला नाही. वरून नवा कागद लावला.

फराळ थोडाच केला. करंज्या, शंकरपाळी. कातणं फिरवताना कडा वाकड्या गेल्या, पण सारण उकललं नाही.

रात्री दीड वाजता फेरी आली. सगळी नवी पोरं. चाचा जाऊनही आता बरीच वर्षं झाली, ढोलकीवर त्यांचा नातू होता. पेटी नव्हती, खांद्यावरून कॅसिओ लटकवलेला एक मुलगा, कानात बाळी, वीसबावीसचा. पाळकसाहेबही नवे. "सलाम, बाई," म्हणाले. मी दारात उभी राहिले, शाल घट्ट धरून. म्हटलं, आता कुठूनही सुरू करतील, पांढरीतून, कशातूनही. त्या यंत्राला तर बटण दाबलं की झालं.

मुलानं एक स्वर दाबून धरला. माझा हात आपोआप चौकटीला गेला.

"कुठली पट्टी रे ही?"

"काळी चार, मावशी."

"का?"

तो गोंधळला. मागं वळून बाकीच्यांकडं बघितलं, कुणीच काही बोलेना. "हे गाणं काळी चारमध्येच असतं ना," म्हणाला.

मग म्हणाले. अंतऱ्याला मागच्या ओळीतल्या दोघा दाढीवाल्यांचा आवाज फाटला, तिसऱ्यानं कोपर मारलं, पोरी हसल्या. चाचांच्या नातवानं सम बरोबर गाठली. मी आत जाऊन करंज्यांचा डबा घेऊन आले.