तिऱ्हाइताचा विमा

मराठी भाषेंतील 'तिऱ्हाईत' हा शब्द मोठा मार्मिक आहे. दोघांच्या व्यवहाराशीं ज्याचा कांहीं एक संबंध नाहीं, दोघांच्या भांडणांत जो कोणाच्याहि बाजूचा नाहीं, तो तिऱ्हाईत. मोटारींच्या सक्तीच्या विम्याचा कायदा ज्यांनीं रचिला त्यांस नेमका हाच मनुष्य अभिप्रेत होता. विमा उतरविणारा मालक हा पहिला, हप्ता घेणारी कंपनी ही दुसरी, आणि रस्त्याच्या कडेनें आपल्या वाटेनें चाललेला, या दोघांच्या कराराची वार्ताहि नसलेला जो कोणी असेल तो तिसरा. ज्याच्यासाठीं सर्व करार, तोच करारांत गैरहजर, असा हा चमत्कारिक व्यवहार आहे. आणि सक्तीच्या विम्याच्या अंमलबजावणीची जी दुर्दशा आपण पाहतों तिचें मूळ आमच्या मतें या गैरहजेरींतच आहे. मालकास वाटतें कीं विमा आपला आहे, तेव्हां तो उतरविणें न उतरविणें ही आपल्या खुषीची गोष्ट; सरकारनें तेथें सक्ति करणें म्हणजे पावसाळ्यांत छत्री बाळगण्याची सक्ति करण्यासारखें आहे.

पुण्यांत परिवहन कार्यालयाच्या आसपास आणि मोठ्या पेट्रोलपंपांच्या तोंडाशीं जुनाट व्हॅन उभ्या असतात. धुराची तपासणी करून दाखला देणें आणि उभ्या उभ्या विमा उतरवून देणें हे दोन्ही धंदे तेथें एकाच खिडकींतून चालतात. आमच्या जुन्या स्कूटरच्या निमित्तानें अशा एका व्हॅनपाशीं आम्हांस वर्षांतून दोनदां तिष्ठावें लागतें, आणि तेवढ्या वेळांत जो संवाद कानांवर पडतो तो ठरीव असतो.

"फुल काढायचा का थर्ड पार्टी?"

"फुल कशाला? पोलिसांना दाखवण्यापुरता द्या."

हें उत्तर देणारे कांहीं गुंड-पुंड नव्हेत. त्यांत शाळामास्तर असतात, दुकानदार असतात, मुलीला क्लासला सोडून परत जाण्याची घाई असलेले सज्जन गृहस्थ असतात. 'माझ्या हातून कोणाला धक्का लागला तर त्याच्या घरच्यांचें काय होईल' असें विचारणारा एकहि मनुष्य आजवर त्या खिडकीपाशीं आम्हांस आढळला नाहीं. पोलिसासाठीं जसें हेल्मेट कोपरांत अडकवावें तसें हें विमापत्र खिशांत अडकवावयाचें, एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. आतां हेल्मेटाविषयीं पुणेकरांचें जें म्हणणें आहे त्याची येथें चर्चा नको. तो विषय काढला कीं जुने मित्र तुटतात. परंतु तेथें निदान डोकें ज्याचें त्याचें असतें, तेव्हां तें फोडून घेण्याच्या स्वातंत्र्यावर कोणी व्याख्यान दिलें तर तें ऐकून तरी घेतां येईल. विम्याच्या बाबतींत तेंहि शक्य नाहीं. येथें डोकें दुसऱ्याचें असतें.

हिंदुस्थानांत ही सक्ति नवी नाहीं. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यांत तिचें एक सबंध प्रकरण होतें; पण अंमलाची तारीख पुढें ढकलली जाऊन, मध्यें महायुद्ध होऊन, तें प्रकरण लागू झालें १ जुलै १९४६ रोजीं. इंग्लंडांत अशी सक्ति १९३० च्या कायद्यानें आली होती, आणि मधल्या वर्षांच्या अनुभवानें तेथील लोकांस एक गोष्ट कळून चुकली होती, ती ही कीं, सक्ति कितीहि केली तरी कांहीं वाहनें विम्यावांचून राहतातच. म्हणून १९४६ सालींच तेथील विमा कंपन्यांनीं मिळून एक संस्था काढिली, आणि विमा नसलेल्या वाहनाखालीं सांपडलेल्या माणसास तिनें भरपाई द्यावी असें सरकारशीं ठरविलें. ज्या वर्षीं आपण पहिलें पाऊल टाकिलें त्याच वर्षीं त्यांनीं दुसरें टाकिलें.

आपलें दुसरें पाऊल अद्याप अधांतरींच आहे. १९५६ च्या दुरुस्तीनें अपघातांच्या दाव्यांसाठीं निराळ्या न्यायाधिकरणांची सोय झाली. पुढें १९८८ चा नवा कायदा आला. एखाद्यास उडवून अज्ञात वाहन पळून गेलें, तर त्याच्या वारसांस एका निधींतून ठराविक रक्कम मिळते. पूर्वीं ती पंचवीस हजार रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून दोन लाख झाली. २०२५ सालीं जखमीस सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेंत विनामूल्य उपचार देण्याची योजनाहि निघाली, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु वाहन सांपडलें आहे, मालक समोर उभा आहे, आणि विमा मात्र नाहीं, अशा प्रसंगीं आठव्या दिवसापासून तिऱ्हाइताच्या घरच्यांनीं भरपाईसाठीं कोणाकडे पाहावें, या प्रश्नाचें उत्तर आपला कायदा 'मालकाकडे' एवढेंच देतो.

या उत्तराचा अर्थ काय होतो, हें आम्हीं शेजारच्या एका बाईच्या दाव्यांत जवळून पाहिलें आहे. ती आमच्या गल्लीच्या तोंडाशीं भाजी विकते. २०१६ च्या पावसाळ्यांत एके पहांटे मार्केट यार्डाच्या रस्त्यावर तिचा नवरा हातगाडी ओढीत असतां मागून आलेल्या टेम्पोनें त्यास उडविलें. टेम्पो चालविणारा हाच त्याचा मालक होता. तो पळाला नाहीं. त्यानेंच जखमीस टेम्पोंत घालून रुग्णालयांत नेलें, दोन दिवस तो तेथें दारांत बसून होता, आणि नवरा गेल्यावर तिच्या पायांवर डोकें ठेवून रडला. टेम्पोचा विमा संपून त्या वेळीं सुमारें दीड महिना झाला होता. "या महिन्यात भरणारच होतो," असें तो म्हणाला, आणि तें खरें असावें असें आम्हांस वाटतें.

न्यायाधिकरणाच्या व्हरांड्यांत तिच्या सोबतीला आम्ही कैक तारखांना बसलों. निकाल तिच्या बाजूनें लागला. कांहीं लाख रुपये मालकानें व्याजासह द्यावे असा हुकूम झाला. त्या दिवशीं वकिलानें पेढे मागितले नाहींत, त्यावरूनच आम्ही काय तें समजलों. पुढें वसुलीची दरखास्त सुरू झाली. न्यायाधिकरणानें जिल्हाधिकाऱ्यास दाखला द्यावा आणि जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणें ती रक्कम वसूल व्हावी, अशी कायद्यांत तरतूद आहे. वाचतांना ती मोठी जरबेची वाटते. पण या माणसाला जमीन नव्हती. घर भाड्याचें होतें. टेम्पो कर्जावर घेतलेला, तो हप्ते थकतांच कर्ज देणाऱ्या कंपनीनें ओढून नेला होता. तारखेला तो येई, हात जोडून उभा राही, आणि कधीं पांचशें, कधीं हजार रुपये तिच्या हातावर ठेवी. एके दिवशीं ती आम्हांला म्हणाली, "दादा, याच्याकडून काय घ्यायचं? याची पोरं माझ्या पोरांएवढीच हायेत." त्यानंतर तिनें तारखांना जाणें सोडून दिलें.

टेम्पोवाला त्या पहांटे अंधारांत पळून गेला असता आणि सांपडला नसता, तर तिला निधींतून निदान पंचवीस हजार रुपये तरी मिळाले असते. तो थांबला, माणुसकीनें वागला, म्हणून तेहि गेले!

२०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सर्व राज्यांस असें सांगितलें कीं, अपघात करणाऱ्या वाहनाचा विमा नसेल तर दिल्लीच्या नियमाप्रमाणें त्या वाहनाचा लिलाव करून पैसे न्यायाधिकरणांत भरण्याची व्यवस्था करावी. हुकूम योग्यच आहे. पण दहा वर्षें धांवलेला टेम्पो लिलावांत किती आणतो हें भंगारवाल्यास विचारावें. आणि बैल गेल्यावर झोपा करण्याचें काम कितीहि झटपट केलें तरी बैल परत येत नाहीं.

आतां थोडा हिशेब मांडूं. संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीनें २०२४ सालीं जो अहवाल दिला त्यांत देशांतील निम्म्याहून अधिक वाहनें विम्यावांचून असल्याचें म्हटलें आहे. २०२२ या एका वर्षांत आपल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. विम्यावांचून वाहन चालविल्यास पहिल्या खेपेस दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्या खेपेस दंड चार हजार. २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणें सामान्य स्कूटरचा म्हणजे ७५ ते १५० सी. सी. च्या दुचाकीचा तिऱ्हाइतापुरता वार्षिक हप्ता कर सोडून ७१४ रुपये आहे. तीन वर्षांचे हप्ते २१४२ रुपये होतात. म्हणजे ज्याला तीन वर्षांतून एकदांहि पोलीस पकडीत नाहीं त्याला विमा न उतरविणें हेंच फायद्याचें! पुणेकरास हा हिशेब कोणी शिकवावा लागत नाहीं. शिवाय ज्याला पकडलें त्याचा दंड सरकारी तिजोरींत जातो, पावती त्याच्या हातीं पडते, आणि त्याची स्कूटर, घटकेपूर्वीं होती तशीच विम्यावांचून, पुढच्या चौकाकडे निघून जाते. तिऱ्हाईत होता तेथेंच राहिला.

गरीब माणसावर हा बोजा पडतो, हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेतांनाच पांच वर्षांचा आणि नवी मोटार घेतांना तीन वर्षांचा तिऱ्हाइतापुरता विमा घ्यावा लागतो. तेव्हां विम्यावांचून असणारीं वाहनें बहुशः जुनीं, दुसऱ्या-तिसऱ्या हातांतून आलेलीं, आणि त्यांचे मालक बेताच्या स्थितीचे, असेंच असणार. पण रस्त्यावर ज्याला धक्का लागतो तो बहुधा त्यांच्याहूनहि पायउतार, खरोखरीच पायीं चालणारा असतो. ७१४ रुपये ज्याला जड जातात त्याला कांहीं लाखांचा हुकूम कसा पेलणार, हा प्रश्न आक्षेप घेणाऱ्यांनींच स्वतःस विचारावा.

विम्यानें भरपाई मिळेल, पण रस्ता सुरक्षित कसा होईल, अशी शंका राहतेच. किंबहुना 'कंपनी भरील' या भरवशावर मनुष्य अधिकच बेफिकीर होईल असेंहि कित्येक म्हणतात. आमच्या समजुतीप्रमाणें हें हप्त्याच्या आकारणीवर अवलंबून आहे. आपलें तिऱ्हाइती दरपत्रक दुचाकीच्या आणि खासगी मोटारीच्या इंजिनाकडे पाहतें, माणसाकडे पाहत नाहीं. रोज लाल दिवा तोडणारा आणि तीस वर्षांत कोणाच्या चाकाला चाक न लावलेला, दोघांचा हप्ता एकच. दावा न केल्याबद्दल जी सूट मिळते ती स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या विम्यावर. म्हणजे स्वतःच्या पत्र्याची काळजी घेणाऱ्यास बक्षीस आहे, दुसऱ्याच्या हाडांची काळजी घेणाऱ्यास नाहीं. वाहतुकीचे नियम मोडणाऱ्याकडून निराळा हप्ता घ्यावा असें विमा नियामकाच्या एका कार्यगटानें २०२१ च्या जानेवारींत सुचविलें होतें; २०२२ च्या दरपत्रकांत तें उतरलें नाहीं. सूचना आम्हांस फार पसंत आहे. मात्र तिच्यांत एक मेख आहे. बेफाम चालविणाऱ्याचा हप्ता वाढविला कीं विमा सोडून देण्याचा मोह प्रथम त्यालाच होणार, आणि सोडून दिला तरी चालतें हें तो आजच जाणतो. जो वहींतच नाहीं त्याचें खातें वाढवावयाचें कसें? म्हणून सर्वांस वहींत आणणें हें काम आधीं झालें पाहिजे.

आणि तें आतां पूर्वींइतकें अवघड राहिलेलें नाहीं. वाहनांची नोंद आणि त्यांच्या विम्याची मुदत या दोन्ही गोष्टी आज संगणकावर आहेत. सरकारी अॅपवर वाहनाचा क्रमांक घातला कीं विमा कोणत्या तारखेस संपतो हें कोणासहि घरबसल्या दिसतें. इंग्लंडांत २०११ पासून या दोन याद्या एकमेकींशीं ताडून पाहतात. तेथें विम्यावांचून वाहन चालविणें तर गुन्हा आहेच, पण तें रस्त्यावर आणणार नाहीं असें अगाऊ कळविल्यावांचून नुसतें बाळगणें हाहि गुन्हा आहे, आणि त्याचें पत्र मालकाच्या घरीं जातें. आपल्याकडे ओडिशा राज्यानें २०२४ पासून टोलनाक्यांवरून जाणाऱ्या वाहनांचे कागद यंत्रानें तपासण्यास आरंभ केला. उपक्रम स्तुत्य खरा. पण दुचाकीस टोल नाहीं, आणि मंडईपासून वाड्यापर्यंत फिरणारा टेम्पो टोलनाका पाहत नाहीं. त्याला गांठावयाचें तर त्याच्या पत्त्यावरच गांठलें पाहिजे. शिवाय दंड घेतांना दंडाच्या पावतीबरोबर त्याच जागीं विमापत्र हातांत पडावें, आणि त्याचा हप्ता दंडांतून वळता व्हावा, अशी आमची सूचना आहे. तिजोरीस थोडी खोट येईल, ती यावी.

घरपट्टी थकली तर पुणें महानगरपालिकेनें थकबाकीदाराच्या दारापुढें बँड वाजविल्याचें पुणेकरांनीं पाहिलें आहे. विमा संपल्यावर परिवहन कार्यालयाचें साधें पत्र आल्याचें मात्र आमच्या ओळखीच्या एकाहि घरीं कोणास आठवत नाहीं. कंपनीचा निरोप मोबाइलवर येतो, तो कर्ज आणि भूखंड विकणाऱ्यांच्या निरोपांत बुडून जातो. त्या दीड महिन्यांत टेम्पोवाल्याच्या दारीं सरकारी शिक्क्याचें एक पत्र गेलें असतें, तर त्यानें हप्ता भरला असता काय? आम्हीं हें एकदां भाजीवाल्या बाईस विचारलें. तिनें तराजूंतली मेथी सारखी केली, आणि म्हणाली, "भरला असता. भित्रा माणूस हाये तो."