सत्तेचाळिसाव्या वर्षी शेपू

आज सलग पाचव्या दिवशी शेपू खाल्ला. होय, तोच शेपू, ज्याची जुडी घरात आली की मी लहानपणी अंगणात निघून जायचो. पंगतीत ती भाजी वाढायला आली की ताटावर आडवा हात धरायचो. वयाची सत्तेचाळीस वर्षं मी ह्या भाजीशी अबोला धरून होतो, आणि आता रोज सकाळी भाजीवाल्याची वाट बघतो. बायको म्हणते, तुम्हाला लागीर झालंय. झालंय खरं.

झालं असं. पुतणी पुण्याहून आली ती व्हीगन होऊन. म्हणजे मांस-मासे तर नाहीच, पण दूध, दही, तूप, लोणी, मधसुद्धा नाही. १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी हा शब्द घडवला, एवढं तिनं मला गाडीतच ऐकवलं. आम्ही चाललो होतो वलगावला, मोठ्या आईकडे. अमरावतीहून परतवाड्याचा रस्ता धरला की लगेच येतं वलगाव, पण तेवढ्या वाटेतही मला घाम फुटला. म्हातारीला सांगायचं कसं? ती तर पाहुण्याच्या पानात तुपाची धार सोडल्याशिवाय जेवू देत नाही.

सांगितलं एकदाचं. मोठ्या आईनं तांदूळ निवडता निवडता मान वर केली. "दूध नाही, तूप नाही. मंग त्यात नवं काय आहे बाप्पा? आपल्या घरी दुभतं होतं तवा तूप इकाले जाये. आपल्याले कोन देये? भाकरीवर जवसाचं तेल आन् ठेचा." मग थोडं थांबून म्हणाली, "गाडगेबाबाच्या गाडग्यात का तूप होतं?"

वलगावात हे नाव कुणीही सहज घेतं. बाबांनी देह ठेवला तो इथेच, पेढी नदीकाठी, २० डिसेंबर १९५६ ला. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांच्या हातची चटणी-भाकर खाल्ली, त्याच्या गावच्या वाटेवर मी 'आता हिला खायला काय घालायचं' म्हणून घाबरलो होतो!

आणि मग मोठ्या आईनं टोपलीतून काढली शेपूची जुडी.

मी उठायच्या बेतात होतो. "बस," ती म्हणाली, "निवड." निवडली. शेपू जवळून कधी पाहिलाय तुम्ही? मी नव्हता पाहिला. पान म्हणावं तर पान नाही, हिरवे रेशमाचे धागेच. बोटानं दाबलं की वास येतो, थोडा बडीशेपेचा, थोडा जिऱ्याचा, आणि वर एक स्वतःचाच. घराणंच ते आहे म्हणा: जिरं, ओवा, बडीशेप, आणि आमचा सांबार (पुण्या-मुंबईकडची कोथिंबीर), सगळी सख्खी-चुलत भावंडं. बाळंतिणीला देतात ती बाळंतशेप ह्याचंच बी. तान्ह्या बाळाला पाजायच्या ग्राइप वॉटरमध्येही पूर्वीपासून ह्याच बियांचं तेल. म्हणजे ज्या वासाला मी नाक मुरडत होतो तो बहुधा माझ्या पाळण्यापासूनच सोबत होता.

भाजी तर साधीच. मुगाची डाळ अर्धा तास भिजवलेली. कढईत तेल, जिरं, आणि लसूण, मी मोजला, चौदा पाकळ्या, ठेचून. हिरवी मिरची. डाळ परतून, पाण्याचा हबका मारून अर्धी कच्ची शिजवली. मग चिरलेल्या शेपूतला निम्माच कढईत टाकला. मी विचारलं, बाकीचा? "थांब ना." झाकण ठेवलं नाही. डाळीचा दाणा बोटात दबला पण मोडला नाही, तेव्हा मीठ, आणि गॅस बंद केल्यावर उरलेला निम्मा शेपू वरून टाकून एकदा खालीवर केलं. बस्स!

तो पहिला घास! ज्वारीची गरम भाकर, तिच्यावर कच्च्या जवसाच्या तेलाचे चार थेंब, आणि ही भाजी. शिजलेला शेपू खाली मऊ, वरचा कच्चा शेपू नाकात उघडतोय, मध्ये डाळ कुरकुरते आहे. मला एकदम कळलं की मी आजवर शेपूचा द्वेष केलाच नव्हता. मी द्वेष करत होतो तो झाकण ठेवून, काळपट होईस्तोवर रटरट शिजवलेल्या शेपूचा. ह्या पानातला वास असतो उडून जाणाऱ्या तेलात. तो आचेवर टिकत नाही, मागे उरतो नुसता उग्रपणा. तीन भाकरी खाल्ल्या. पुतणी माझ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी शेपूफळं. ज्वारीचं पीठ, थोडी कणीक, थोडं बेसन, मूठभर शेपू, तिखट, मीठ. तळहातावर चपटी करून वाफवायची आणि वर लसूण-तिळाची कडकडीत फोडणी. तिसऱ्या दिवशी मी शहाणपणा करून शेंगदाण्याच्या दुधाचं दही लावलं, शेपूची कोशिंबीर करायला. ते लागलं नाही. त्यावर अधिक लिहीत नाही.

पण चौथा दिवस! इराणात बाकल्याचे दाणे आणि शेपू घालून भात करतात, बाघाली पोलो. बाकला अमरावतीत कुठे शोधू? पण पिशवीत तुरीचे सोले होते, हिवाळ्यातले, हिरवेगार. मोकळा भात, सोले, आणि मूठ नव्हे, दोन जुड्या शेपू, थर लावून दम दिला. केशर-लोणी काही नाही, शेंगदाण्याचं तेल. झाकण उघडलं तेव्हा भात हिरवा दिसत होता आणि खाली सोनेरी खरपूड. पुतणीनं पातेलं खरवडलं. आता मला कळतंय की कानडी मुलखात सब्बसगी म्हणत ह्याला तांदळाच्या रोटीत का मळतात, आणि सातारा-कोल्हापूरकडे गौरी घरात आली की पहिला नैवेद्य शेपूच्या भाजी-भाकरीचा का. मला ह्यातलं कुणी काही सांगितलं कसं नाही? सांगितलं असणार. मी अंगणात होतो.

(शेपूचे ढेकर येतात, ही तक्रार मला मान्य आहे. येऊ देत.)

काल रात्री मोठ्या आईला फोन केला. इराण, थर, खरपूड, सगळं एका दमात सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं.

"सोले कच्चे टाकले का वाफवून?"

"वाफवून."

"मंग बराबर. आन् काड्या?"

"कुठल्या काड्या?"

"शेपूच्या रे. दोऱ्यानं बांधाच्या, तुरीच्या वरणात शिजू द्याच्या, मंग काढून टाकाच्या. वरणाले काय वास येते, पाहाशीन."

चार दिवसांच्या काड्या मी कचऱ्यात टाकल्या होत्या. फोन ठेवला आणि उठून डब्याचं झाकण उघडलं. वरच्या काड्या अजून हिरव्या होत्या.