रक्ताचीं दोन पारडीं

आमच्या दादांना गेल्या वर्षीं प्रथम रक्ताची वांती झाली, त्या रात्रीपासून “त्यांचें रक्त पातळ झालें आहे” हें आमच्या घरांत वेदवाक्य होऊन बसलें. दुर्बिणीनें पाहून अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरांना रबरी कड्या घातल्या गेल्या, वांती थांबली. सोयऱ्यांची कुजबूज मात्र थांबेना. दादांनीं जन्मांत मद्यास स्पर्श केलेला नाहीं. मधुमेह व यकृतांत सांचलेली चरबी एवढ्यानेंही यकृत कठीण बनतें, हें सांगतां सांगतां वहिनी थकल्या.

आम्हां संभाजीनगरकरांस या रोगाचें मर्म समजण्यास पाणचक्की पुरेशी आहे. जुन्या कारागिरांनीं डोंगराकडचें पाणी मातीच्या नळांतून तेथवर आणलें. अशा नळांत पुढें अडथळा झाला, तर मागें दाब वाढतो व कच्ची जागा पाहून पाणी वाट काढतें. आंतड्यांकडील रक्त यकृतास पोंचविणारी जी ‘पोर्टल व्हेन’ नांवाची मोठी शीर, तिची हीच गत होते. रक्त मागें तुंबतें, अन्ननलिकेच्या नाजुक शिरा फुगतात, प्लीहा वाढते, आणि रक्त गोठण्यास लागणाऱ्या प्लेटलेट पेशी तिच्यांत अडकून पडतात.

चार महिन्यांनीं सोनोग्राफींत त्याच शिरेंत गुठळी आढळली, आणि डॉक्टरांनीं रक्त गोठूं न देणारें औषध सुचविलें! आई म्हणाली, “आधींच पाण्यासारखें रक्त, त्यांत आणखी पातळ करणार?” आमचेंही मत तेंच होतें, व तें आम्हीं डॉक्टरांस जरा चढ्या स्वरांतच ऐकविलें.

त्यांनीं शांतपणें समजाविलें. रक्त गोठविणारीं बहुतेक द्रव्यें यकृत बनवितें. पण ‘प्रोटीन सी’, ‘अँटिथ्रॉम्बिन’ हीं गोठणें आवरणारीं द्रव्येंही तेंच बनवितें. यकृत थकलें कीं दोन्ही पारडीं हलकीं होतात. ‘आय. एन. आर.’ ही नेहमींची तपासणी पहिल्याच पारड्याचें वजन सांगते. म्हणून कागदावर रक्त पातळ दिसतें, आणि संथ वाहणाऱ्या शिरेंत तें गोठूंही शकतें. हा तोल नाजुक असतो. जंतुसंसर्गासारख्या कारणानें तो कोणत्याही बाजूस ढळतो. दादांची वांती मुख्यत्वें शिरांतील दाबामुळें झाली होती.

फुगलेल्या शिरा पुन्हां तपासून, त्या आटोक्यांत आहेत अशी खात्री झाल्यावरच औषध सुरू झालें. तें प्रत्येक रोग्यास योग्य असतें असें नाहीं. तो निर्णय डॉक्टरांचा. डांबरासारखा काळा मल हें आंतल्या रक्तस्रावाचें लक्षण म्हणून वहिनी रोज चौकशी करीत, आणि गुडघेदुखीवर शेजाऱ्यांनीं दिलेली गोळी त्यांनीं विचारल्यावांचून दादांना घेऊं दिली नाहीं. सहा महिन्यांनीं गुठळी बरीच विरली.

आम्हीं एकच पारडें पाहून डॉक्टरांशीं भांडलों. सोयऱ्यांनीं दादांच्या शीलाविषयीं याहून निराळें काय केलें होतें? हा विचार मनांत आल्यापासून त्यांच्यावरील आमचा राग बराच ओसरला आहे. वहिनींचा मात्र अद्याप गेलेला नाहीं, आणि तो जावा असा आग्रह धरण्याचा आम्हांस अधिकारही नाहीं.