लिगोचं यंत्र रोज करतं तरी काय?

औंढ्याच्या लिगोबद्दल मला आजवर जेवढे फोन आले त्यातले निम्मे जमिनीच्या भावाचे. "दुधाळ्याच्या बाजूला प्लॉट निघालेत म्हणे, घेऊन ठेवू का?" उरलेल्यांत बहुतेक नोकरीचे. "पोराचं बीएस्सी होतंय, लागंल का तिथं?" यंत्र नेमकं काय करणार, हे विचारणारा माणूस एकच भेटला. हळदीची पोती घेऊन मोंढ्यात आलेले एक मामा. म्हणाले, "पत्रकार साहेब, ती लाट म्हणे कधीतरी येती. मग बाकीचे दिवस ती शिकलेली माणसं तिथं बसून करणार काय?"

मित्रहो, हा प्रश्न मला लाखमोलाचा वाटला. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पाला २६०० कोटी रुपये मंजूर केले. पूर्ण व्हायला २०३० साल सांगितलंय. भूमिपूजनाचे फोटो आपण सगळ्यांनी शेअर केले, "हिंगोली जगाच्या नकाशावर" असे मथळे मीही दिले. पण रोजचं काम काय, हे आपल्यात कुणी कुणाला सांगितलं नाही.

मी काही विज्ञानाचा माणूस नाही, पत्रकारितेची पदविका आहे फक्त. पण असंच यंत्र अमेरिकेत दोन ठिकाणी चालू आहे. एक वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला, दुसरं लुइझियानात लिव्हिंगस्टनला. आणि गंमत म्हणजे त्यांची रोजची नोंदवही इंटरनेटवर सगळ्या जगाला खुली आहे. वाटलं तर तुम्हीही वाचा. आपल्याकडे साध्या पाणीपुरवठा योजनेचं लॉगबुक बघायला माहिती अधिकार टाकावा लागतो, असो. गेलं वर्षभर रात्री बातम्या पाठवून झाल्या की मी ती वही चाळतो. निम्मं कळत नाही. जे कळलं ते सांगतो.

आधी यंत्र. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, इंग्रजी एल अक्षरासारख्या काटकोनात. नळीत माणूस वाकून जाईल एवढी जागा, पण आत हवा जवळजवळ शून्य. टोकाला ४० किलोचे आरसे, काचेच्या अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक तारांवर टांगलेले. मधून लेझरचा प्रकाश सोडतात, तो आरशांमध्ये शेकडो वेळा ये-जा करतो. दूर अवकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशच किंचित ताणलं-आखडलं जातं आणि एक नळी लांब, दुसरी आखूड होते. किती? अणूच्या पोटातल्या प्रोटॉनचे हजार भाग करा, त्यातल्या काही भागांएवढी. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिल्यांदा अशी लाट पकडली गेली. १३० कोटी वर्षं प्रवास करून आलेली. आधी लिव्हिंगस्टनला आली, सात मिलिसेकंदांनी हॅनफर्डला.

त्या रात्रीची गोष्ट मोठी मजेची आहे. निरीक्षणाचा अधिकृत हंगाम सुरू व्हायला काही दिवस होते. लिव्हिंगस्टनला दोन शास्त्रज्ञ रात्रभर यंत्राभोवती मुद्दाम आवाज आणि हादरे देऊन बघत होते, की बाहेरच्या गोंधळाचा आत किती परिणाम होतो. पहाटे चारच्या सुमारास थकून त्यांनी आवरतं घेतलं. पाचला दहा मिनिटं कमी असताना लाट आली. ते अजून तासभर ठोकाठोक करत बसले असते तर ती हातची गेली असती.

आता मामांच्या प्रश्नाकडे. पहिलं म्हणजे, लाट आता "कधीतरी" येत नाही. मे २०२३ ला सुरू झालेल्या चौथ्या हंगामात दोन-तीन दिवसाआड एक अशी नोंद होत गेली. पण ती येईल तेव्हा यंत्र जागं असलं पाहिजे, आणि ते जागं ठेवणं हेच सगळं काम.

जागं असणं म्हणजे काय? आरसे इतक्या नेमक्या अंतरावर धरून ठेवायचे की प्रकाश नळीत घुमत राहील. याला ते "लॉक" म्हणतात. वहीत सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द हाच. लॉक लागलं, लॉक सुटलं. सुटलं की पुन्हा पायरी पायरीने लावायचं, त्यात अर्धा-एक तास जातो, कधी सबंध पाळी जाते. कारण काय तर वारा सुटला. कारण काय तर हजारो मैलांवर भूकंप झाला आणि त्याची लाट जमिनीतून पोचली. हिवाळ्यात तर किनाऱ्यावर समुद्र खवळला तरी आत जमीन थरथरते. आता बरीच जुळवाजुळव संगणक स्वतः करतो, रात्री त्याला जमलं नाही तर तो ऑपरेटरला फोन करून उठवतो. एवढं सगळं करून तिसऱ्या हंगामात प्रत्येक यंत्र शंभर तासांतले साधारण पंच्याहत्तर तास कामाचं राहिलं. उरलेले पंचवीस तास वारा, भूकंप आणि दुरुस्तीचे.

दुरुस्तीचा वार ठरलेला, मंगळवार. सकाळी आठ ते दुपारी बारा. हॅनफर्डला सकाळचे आठ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. त्या चार तासांत पंप, लेझर, गाड्यांची ये-जा, झाडलोट, सगळं. हॅनफर्डच्या माळावर वाळकी काटेरी झुडपं वाऱ्याने गडगडत येतात आणि नळीच्या कडेला ढीग लागतात. ती यंत्राने गोळा करून, गठ्ठे बांधून हलवावी लागतात. जगातल्या सगळ्यात नाजूक मोजमापाच्या कारखान्यात एक काम कुपाटी उचलण्याचंही आहे बरं का.

२०१७ च्या उन्हाळ्यात तिथे एक विचित्र आवाज दिसायला लागला. शोधत गेले तर द्रव नायट्रोजनच्या पाइपावर बर्फ जमतं, आणि तहानलेले डोमकावळे ते चोचीने टोचत होते. चोचीची ती टकटक नळीतून मोजमापात. शास्त्रज्ञांनी स्वतः तसंच टकटक करून खात्री केली.

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी लिहायला बसलो. कॅलिब्रेशन. आपल्या भाषेत काटा तपासणं.

मोंढ्यात काय होतं, तुम्हाला माहीत आहे. शेतकरी घरून पोतं वजन करून आणतो, आडतीच्या काट्यावर दोन किलो कमी भरतं. मग भांडण. भांडण मिटवायचं तर शिक्क्याचं वजन लागतं. ते वजन खरं कशावरून? तर वजनमापवाल्यांकडच्या प्रमाण वजनाशी ताडलेलं असतं म्हणून. आणि ते त्याहून वरच्याशी. ही साखळी तुटली की काटा कितीही चकचकीत असो, त्याचा आकडा म्हणजे नुसता आकडा.

लिगोतही हीच साखळी आहे. आणि तिथे अडचण अशी की आरसा हलू द्यायचाच नाही! हलला तर लॉक सुटेल. म्हणजे लाट आली की यंत्रणा लगेच आरशाला मागे ओढून धरते. पतंग जागचा हलू न देता मांजा धरून ठेवला, तर वारा किती होता हे पतंगाकडे बघून कळणार नाही. हाताला ओढ किती लागली ते बघावं लागेल. तसंच इथे, आरसा धरून ठेवायला किती जोर लावला आणि तरी किती हलला, या दोन्हींचा हिशेब करून मूळ लाट काढतात. जोराचा हिशेब चुकला की लाट चुकली.

म्हणून ओळखीचा धक्का देऊन बघतात. एक वेगळा, काही वॅटचा लेझर टोकाच्या आरशावर मारतात. प्रकाश आदळून परत फिरतो तेव्हा अगदी बारीकसा धक्का देतो. केवढा, तर एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या एखाद्या भागाचं वजन जेवढं असेल तेवढा. समोर ४० किलोचा आरसा. तरीही तो धक्का यंत्राला स्पष्ट दिसतो. हे धक्के ठरावीक तालांवर सतत चालू ठेवलेले असतात, सुरपेटीसारखे. सूर ढळला की कळतं, यंत्र बदललंय. शिवाय अधूनमधून, साधारण आठवड्याला, सगळ्या तालांवर सविस्तर तपासणी.

पण त्या लेझरची ताकद किती, हे कोण सांगणार? त्यासाठी आतून पांढरा लेप दिलेला एक पोकळ गोळा असतो, प्रकाश मोजणारा. तो कोलोरॅडोतल्या बोल्डरला, अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत, तपासून आणतात. त्याच्याशी दुसरे गोळे ताडतात, ते टोकाच्या इमारतीत नेऊन तिथला लेझर मोजतात. शिक्क्याच्या वजनाचीच गोष्ट.

यात थोडं चुकलं तर काय बिघडतं? लाट केवढी मोठी दिसली यावरून ती किती लांबून आली ते काढतात. आकार दहा टक्के चुकला तर अंतरही तेवढंच चुकणार. पहिल्या लाटेच्या वेळी चूक दहा टक्क्यांपर्यंत धरलेली होती, आणि तसं त्यांनी जाहीर लिहिलंही. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे आदळल्याची लाट आली, तिच्या अंतरावरून विश्व किती वेगाने पसरतंय याचा आकडा काढला. त्या आकड्यावरून शास्त्रज्ञांत मोठा वाद आहे. वाद सोडवायला लिगो साक्षीदार म्हणून उभं राहणार, तर साक्षीदाराचा काटा खरा हवा.

ते स्वतःलाही तपासतात, आणि कसं ते ऐका. सप्टेंबर २०१० मध्ये अगदी खरी वाटणारी लाट सापडली. सहा महिने शेकडो लोकांनी अभ्यास केला, शोधनिबंध लिहून तयार. मार्च २०११ मध्ये पाकीट उघडलं, तर आत चिठ्ठी: ही लाट आम्हीच गुपचूप घातली होती, तुम्हाला ओळखता येते का बघायला. पूर्ण परीक्षा, प्रश्नपत्रिका न सांगता. आपल्या सरकारी योजनांची अशी एक तपासणी झाली तर काय काय बाहेर येईल, याचा विचार करून बघा.

आता हे सगळं औंढ्यात आणून बघू. आपला भाग शांत म्हणून निवडला गेला. पण २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमाराला ४.५ तीव्रतेचा धक्का आपण सगळ्यांनी अनुभवला, १० जुलैला पुन्हा तेवढाच. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेच्या लोकांना जमिनीतून येणारे आवाज कित्येक वर्षांपासून माहीत आहेत. यावर "मग यंत्र कसं टिकणार" म्हणून घाबरवणारे व्हिडिओ फिरतात. भूकंपात यंत्रणा आरशांवरचा जोर स्वतःहून काढून घेते, लॉक सुटतं, हादरे शांत झाले की पुन्हा लावतात. मोठा आणि जवळचा भूकंप ही मात्र वेगळी गोष्ट. जपानमध्ये डोंगराच्या पोटात असंच यंत्र आहे, कागरा. १ जानेवारी २०२४ च्या नोटोच्या भूकंपात त्याचं नुकसान झालं, आणि निरीक्षणात परतायला त्याला जून २०२५ उजाडलं.

मला भूकंपापेक्षा माणसाचीच काळजी जास्त आहे. भूकंप कधीतरी येतो. खडीक्रशर रोज चालतो. खदानीतला सुरुंग, रात्रीचे हायवा, डीजे. प्रकल्प आला म्हणून रस्ते होणार, रस्त्यासाठी खडी लागणार, खडीसाठी माळ फुटणार. आणि "लिगो सिटी"सारखी नावं लावून प्लॉटिंग निघालं तर यंत्राच्या उशालाच वस्ती. डोमकावळ्याची चोच ज्याला ऐकू येते, त्याच्या शेजारी आपण हे करणार. महाशिवरात्रीला नागनाथाच्या दर्शनाला गर्दी होणार, ती व्हायलाच पाहिजे, वर्षातून एकदाचं ते वेळापत्रक यंत्रालाही सांभाळता येईल. रोजच्या सुरुंगाचं कुठलं वेळापत्रक असतं?

नोकरी विचारणाऱ्या पोरांनाही हेच सांगतो. सगळ्या जागा पीएचडीच्या नसणार. पंप, निर्वात नळ्या, वातानुकूलन, वीज, संगणक, पाळीवर बसून लॉक सांभाळणं, ही कामं तिथे चोवीस तास लागतात. बीएस्सी फिजिक्स करणाऱ्याने प्रयोगवहीत आधी आकडे आणि मग वाचन, अशी उलटी पद्धत सोडावी. ती वही उघडी आहे, रोज दोन पानं वाचावीत. आयटीआयच्या पोरांनी निर्वात तंत्राचा कोर्स कुठे मिळतो ते आत्ताच शोधावं. पुण्याची आयुका, इंदूरची आरआरकॅट आणि गांधीनगरची प्लाझ्मा संस्था या प्रकल्पात आहेत, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. "साहेबांच्या ओळखीने" हा रस्ता इथे चालणार नाही असं मी म्हणत नाही, पण लॉक ओळखीने लागत नाही.

प्रकल्पाच्या जागेपासून किती अंतरात खदानी आणि क्रशरला परवाने आहेत, सुरुंगाला वेळेची काही अट घातली आहे का, आणि शांतता क्षेत्राबद्दल काही आदेश निघालाय का, असे तीन प्रश्न माहिती अधिकारात टाकतोय. अर्ज सोमवारी जाईल. तीस दिवसांत उत्तर आलं तर ते, नाही आलं तर अपिलाची तारीख, दोन्ही याच भिंतीवर टाकतो. दुधाळ्याच्या आसपासच्या गावांतल्या कुणाला सुरुंगाच्या वेळा आणि दिवस माहीत असतील तर कमेंटमध्ये लिहा, नाव नको असेल तर इनबॉक्स करा.