बेटाने लिहिलेली पुस्तके

डनक्विनच्या धक्क्याकडे उतरणारी वाट अरुंद आणि नागमोडी आहे. आयर्लंडच्या नैऋत्येस, केरी परगण्याच्या टोकाशी, कड्याला चिकटून ती थेट समुद्रापर्यंत खाली जाते. त्या वाटेच्या माथ्यावर मी आणि माझी कन्या उभे होतो. ती त्या देशात परिचारिका आहे. खास रजा काढून तिने मला तिथवर आणले होते. समोर, सुमारे तीन मैल पाण्यापलीकडे, ग्रेट ब्लास्केट बेट पालथ्या होडीसारखे पसरले होते. हवा निवळ होती, ऊनही पडले होते. परंतु मधले पाणी उसळत होते. नावाड्याने एकदा समुद्राकडे पाहिले आणि मान हलवली. आज नाही. उद्याचेही सांगवत नाही.

ज्या बेटासाठी मी साता समुद्रांपलीकडे गेलो, ते मी पाहिले ते असे, किनाऱ्यावरून.

या बेटाची माझी ओळख फार जुनी. महाविद्यालयात असताना मुंबईला फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक फाटके इंग्रजी पुस्तक हाती लागले होते. टॉमस ओ'क्रोहन नावाच्या एका आयरिश कोळ्याचे ते आत्मचरित्र. मूळ आयरिश भाषेतील पुस्तक १९२९ साली प्रसिद्ध झाले आणि रॉबिन फ्लॉवर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९३४ साली. वसईच्या लोकलमध्ये उभ्याने मी ते वाचू लागलो आणि उतरायचे स्थानक मागे पडले.

बेट केवढे? लांबी जेमतेम सहा किलोमीटर, रुंदी एक किलोमीटरही नाही. भर वस्तीच्या काळात तिथे पावणेदोनशेच्या आसपास माणसे राहत. बेटावर डॉक्टर नव्हता, दुकान नव्हते, गुत्ता नव्हता, आणि अस्सल कॅथलिक वस्ती असूनही चर्च नव्हते. मिस्साला जायचे तर नेव्होग वल्हवीत डनक्विनला यायचे. नेव्होग म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून, त्यावर डांबर फासून केलेली हलकी होडी. लग्न लागायचे ते पलीकडे आणि मेलेले माणूस पुरायचे तेही पलीकडे. समुद्र खवळला की लग्न, मिस्सा आणि अंत्यविधी सारेच खोळंबे.

एवढ्याशा खडकाने तीन मोठी पुस्तके जगाला दिली, याचे नवल आजही केले जाते. टॉमसखेरीज मॉरिस ओ'सलिव्हन या तरुणाचे बालपण आणि उमेदवारीचे दिवस सांगणारे पुस्तक १९३३ साली आले. त्याच्या इंग्रजी अनुवादाला ई. एम. फॉर्स्टर यांची प्रस्तावना होती. १९३६ साली पेग सेयर्स या वृद्धेचे आत्मकथन आले. पण हे नवल नुसत्या संख्येचे नाही. बेटावर लिहिणारे पुष्कळ असतात. बाहेरून येतात, पाहतात, टिपतात, परत जातात. इथे बेटच लिहू लागले.

बाहेरचे तिथेही आले होतेच, आणि त्यांचे ऋण मोठे आहे. १९०७ साली कार्ल मार्स्ट्रँडर हा नॉर्वेचा भाषापंडित आयरिश शिकायला आला आणि टॉमस त्याचा गुरू झाला. नंतर ब्रिटिश म्युझियममधले रॉबिन फ्लॉवर आले. बेटकऱ्यांनी त्यांना त्यांच्या आडनावावरून 'छोटे फूल' अशा अर्थाचे लाडके नाव दिले. १९२३ साली ग्रीक भाषेचा अभ्यासक जॉर्ज थॉमसन आला. या कोळ्यांच्या बोलण्यात त्याला होमरचा नाद ऐकू आला. अमेरिकेच्या वाटेवर निघालेल्या मॉरिसला त्याने मायदेशी थांबवले. मॉरिस पोलीस झाला आणि लेखकही. त्याच मॉरिसचा १९५० साली पोहताना बुडून अंत झाला. मला सर्वांत जवळचा वाटतो तो ब्रायन केली. त्याने टॉमसला मॅक्झिम गॉर्कीचे आत्मचरित्र आणि प्येर लोतीची कोळ्यांवरील कादंबरी वाचून दाखवली. रशियातल्या दरिद्री पोराचे आयुष्य जर पुस्तक होऊ शकते, फ्रान्सच्या किनाऱ्यावरचा मच्छीमार जर कादंबरीत शोभतो, तर तुझे का नाही?

टॉमसने लेखणी उचलली. त्या काळी बेटावरच्या शाळेत इंग्रजी लिहा-वाचायला शिकवीत. जी भाषा तो जन्मभर बोलला तिची अक्षरे त्याला ठाऊक नव्हती. डनक्विनला आला असता हवेने अडकून पडायचा, तेव्हा तिथल्या एका घरातल्या शाळकरी मुलांकडून प्रौढ वयात तो स्वतःची भाषा वाचायला शिकला. धक्क्यावर उभ्या असलेल्या मला हे आठवले आणि नावाड्यावरचा राग निवळला.

त्याच्या लेखनात हंबरडा नाही. दहा मुले झाली. कोणी कड्यावरून पडून गेले, कोणी गोवराने, कोणी डांग्या खोकल्याने. एक मुलगा १९०९ साली बुडणाऱ्या पाहुण्या तरुणीला वाचवायला गेला आणि दोघेही बुडाली. हे तो एका परिच्छेदात सांगतो आणि पुढच्या परिच्छेदात पुन्हा मासेमारीला लागतो. वाचकाला वाटते, हा माणूस दगड आहे काय? मग ध्यानात येते की ज्याला उद्या सकाळी वल्हे मारायचे आहे, त्याचे दुःख असेच बोलते.

याच्या शेजारी दुसरे एक आयरिश बेट ठेवून पाहावे. १९३४ साली, म्हणजे टॉमसचे पुस्तक इंग्रजीत आले त्याच वर्षी, रॉबर्ट फ्लॅहर्टी यांचा अॅरन बेटांवरील चित्रपट प्रदर्शित झाला. लाटांची ती दृश्ये डोळ्यांचे पारणे फेडतात. पण त्यातली महाकाय शार्कची शिकार तिथे कित्येक दशकांपूर्वीच बंद पडली होती. चित्रपटासाठी बेटकऱ्यांना ती नव्याने शिकवावी लागली. पडद्यावरचे कुटुंबही खरे कुटुंब नव्हते, चेहरे पाहून जमवलेले होते. फ्लॅहर्टींना लबाड म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. त्यांना जे बेट हवे होते ते त्यांनी घडवले, इतकेच. आणि दगड आपल्याही हाती आहे, हे मला ठाऊक आहे.

म्हणून पेगविषयी लिहिताना माझी लेखणी अडखळते. तिला आयरिश लिहिता येत नव्हते. ती सांगायची आणि तिचा मुलगा मायकेल उतरवून घ्यायचा. डनक्विनची ही मुलगी लग्न होऊन बेटावर आली आणि चूल, मुले, मृत्यू यांतून शेकडो कथा मुखोद्गत करून बसली. पुढे लोकसाहित्याच्या संग्राहकांनी त्या तिच्याकडून टिपून घेतल्या. मात्र तिचे आत्मकथन आयर्लंडच्या शाळांत पाठ्यपुस्तक झाले आणि कित्येक पिढ्यांतील विद्यार्थ्यांनी या रडक्या म्हातारीचा मनापासून तिटकारा केला. प्रत्यक्षातली पेग रडकी नव्हती, चांगली हजरजबाबी आणि खट्याळ होती, असे तिला ओळखणारे सांगत. टॉमसचेही तेच. त्याच्या हस्तलिखितातला जो मजकूर संपादकांना असभ्य वाटला तो १९२९ च्या आवृत्तीतून वगळला गेला. तो परत यायला २००२ साल उजाडावे लागले.

आईचे बोलणे उतरवून घेणारा मुलगा मीही होतो.

१९४८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या किनाऱ्याला मोठे वादळ झाले. आमची आई तेव्हा चौदा वर्षांची. ती रात्र ती आम्हांला आमच्या बोलीत सांगत असे, दर वेळी तशीच, तेच शब्द, तेच थांबे. केळीची बाग एका रात्रीत कशी आडवी झाली, बावखलात खारे पाणी कसे शिरले, सकाळी तिचे वडील बांधावर कसे बसून राहिले आणि कोणाशीच बोलेनात. आणि तिची आई दिवसभर पडलेले कच्चे घड कोयत्याने तोडत राहिली. मग आठ दिवस घरात तीन त्रिकाळ कच्ची केळी शिजली. हे सांगताना आई हसायची. शेवटी शेवटी केळीचा वास आला तरी कुत्रा उठून जायचा, म्हणायची.

तिशीत असताना मी ती हकिकत लिहून काढली आणि ती एका नियतकालिकात छापूनही आली. संपादकांनी स्वल्पविरामही बदलला नाही; जे केले ते सर्व मीच केले. बोली काढून टाकली. 'काळरात्र' आणि 'निसर्गाचे रौद्र तांडव' घातले. कच्ची केळी आणि कुत्रा मला करुणरसात बसेनात, म्हणून गाळले. आजोबांच्या मौनाला एक प्रार्थना दिली, जी त्यांनी म्हटली नव्हती.

अंक आला तेव्हा आईला मी तो लेख वाचून दाखवला. चष्मा हातात धरून तिने शांतपणे ऐकला. नंतर म्हणाली, फार छान लिहिलेय. कोणाच्या घरची गोष्ट ही?

मला वाटले, ती थट्टा करते आहे. ती थट्टा करत नव्हती.

डनक्विनला किनाऱ्यावर या बेटाचे एक संग्रहालय आहे. समुद्राचा नाद सोडून आम्ही तो दिवस तिथे घालवला. १९४७ च्या जानेवारीच्या सुमारास बेटावर एक तरुण मेंदूच्या आजाराने दगावला. वादळामुळे ना डॉक्टर पोहोचू शकला, ना धर्मगुरू. त्यानंतर बेटकऱ्यांचा धीर खचला. १७ नोव्हेंबर १९५३ रोजी सरकारने उरलेल्या लोकांना पलीकडे हलवले. उरले होते ते फक्त बावीस जण. आज बेटावर दगडी घरांच्या भिंती आहेत आणि उन्हाळ्यात पाहुणे जातात. पण त्या बावीस जणांची भाषा कशी होती, हे कोणाला विचारावे लागत नाही. ती छापलेली आहे.

संग्रहालयाच्या मोठ्या काचेतून बेट नेमके समोर दिसत होते. कन्येने विचारले, "डॅडी, मामीची ती वादळाची गोष्ट तुम्हांला अजून येते का सांगता?" आजीला ती मामी म्हणे. मी सांगू लागलो, तर शब्द प्रमाण मराठीत येऊ लागले. तिनेच मला दोनदा अडवले. तिला ती हकिकत बोलीतच आठवत होती.

परतल्यावर एक कोरी वही आणली. आई जाऊन आता पंधरा वर्षे होऊन गेली. पहिले वाक्य मला पक्के पाठ आहे, तिच्या आवाजासकट. परंतु त्यातल्या दुसऱ्याच शब्दात एक स्वर आहे, 'अ' आणि 'ओ' यांच्या मधला. देवनागरीत त्याला कोणती मात्रा द्यावी हे मला ठरवता आलेले नाही. दोन-तीन पर्याय समासात लिहून पाहिले. काल कन्येला दूरध्वनी करून तो शब्द म्हणायला लावला. ती म्हणाली, "डॅडी, पुन्हा म्हणते, नीट ऐका."