पाण्याचा डबा, त्रिकोणी काच आणि मोत्या

नव्वदच्या दशकात सोलापुरातून पुण्याच्या रस्त्याला लागणाऱ्या फियाटच्या डिकीत पाण्याचा डबा असायचाच. खाद्यतेलाचा रिकामा, पाच लिटरचा, कधी दोन. हे पाणी माणसांसाठी नसे, रेडिएटरसाठी असे. बाळ्याचा खंडोबा मागे पडला, केगाव गेलं, कोंडी आली की वडिलांची नजर रस्त्यापेक्षा काट्यावर जास्त. चिंचोळीच्या माळावर गाडी बाजूला घ्यावी लागणार हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असे. मागच्या सीटवरच्या मोत्यालाही ठाऊक असावं, कारण इंजिनाचा आवाज बदलला की तो उठून उभा राही.

मोहोळच्या पुढे आमचं शेत. सुट्टीत तिकडे जाताना मोत्या बरोबर यायचाच. कुत्रा बरोबर आहे आणि गाडी बंद पडली, ही काही वेगळी अडचण आहे असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही येत नसे. गाडी बंद पडणं हे प्रवासातच धरलेलं होतं. मे महिन्यात त्या गाड्यांच्या पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची आणि इंजिनाला पेट्रोल मिळेनासं व्हायचं. त्यावर इलाज एकच, पंपावर ओलं फडकं गुंडाळून बसायचं. डब्यातलं थोडं पाणी फडक्यावर, थोडं मोत्याच्या पोटाखाली आणि पायांवर, उरलेलं इंजिन निवल्यावर रेडिएटरला. वडिलांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. गाडी तापली की पाणी घालायचं, कुत्रं तापलं की पाणी घालायचं, एवढाच त्यांचा हिशेब.

आज विचार केला की वाटतं, मोत्याची सगळी सोय त्या गाडीच्या दुबळेपणातूनच झाली होती. ती तापायची म्हणून पाणी बरोबर असायचं. तिच्यात एसी नव्हता म्हणून चारही काचा खालीच असायच्या. पुढच्या दारांना त्रिकोणी काचा होत्या, त्या फिरवल्या की वारा थेट मागे. काच हँडलने खाली व्हायची, तिला बॅटरी लागत नव्हती. आणि गाडी एखाद्या लिंबाखाली ढकलत नेता येई, कारण रस्त्याकडेला लिंब होते.

रस्ताही वेगळा. तो तेव्हा राष्ट्रीय महामार्ग 9 होता, पुण्याहून हैदराबादमार्गे मच्छलीपट्टणपर्यंत जाणारा. दोन पदरी, कडेला मातीची पट्टी. ट्रकवाला हमखास थांबे. "काय झालं ओ?" म्हणत बोनेटमध्ये डोकं घालणारा एकजण तरी भेटेच. चिंचोळीच्या एमआयडीसीत त्या वेळी शेड थोड्या आणि मोकळे प्लॉट फार. तिथल्या राखणदाराने एकदा आम्हाला बाज काढून दिली, मोत्याला घमेल्यात पाणी दिलं आणि वर, "बांधा की ओ त्याला, आमचं कुत्रं लई खुनशी हाय," असंही बजावलं. गाडी सुरूच झाली नाही तर वडाप होतं. वडापच्या जीपमध्ये टपावर करडं, खाली कोंबड्या. तिथे एका कुत्र्याचं कुणाला काय?

तरी त्या काळाला उगाच ओवाळत बसायचं कारण नाही. मोत्याच्या गळ्यात सुंभाची दोरी होती, पट्टा नव्हता. ट्रकच्या हॉर्नला बुजून कुत्रं रस्त्यावर पळालं आणि तिथेच संपलं, अशा गोष्टी प्रत्येक घरात होत्या. कुत्र्याला लस टोचून घेण्याची पद्धत फार थोड्यांकडे होती. कुत्रं चावलं तर पोटात चौदा इंजेक्शनं, या धास्तीने कित्येक मेकॅनिक गाडीजवळ यायलाच तयार नसत. "आधी कुत्रं उतरवा, मग पान्याला हात लावतो." आणि मोत्या टिकला यात आमच्या काळजीचा वाटा कमी, त्याच्या जातीचा जास्त. तो कारवानी वळणाचा होता. उंच, फासळ्या दिसणारा, आखूड केसांचा. मराठवाडा-सोलापूरच्या माळरानावर पिढ्यान् पिढ्या निभावलेलं रक्त.

आता माझ्या गाडीत पग असतो. चपट्या नाकाचा, लेकीचा लाडका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा मुख्य पंखा, आणि चपट्या नाकाच्या जातींचा तो पंखाच अधू. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 38 ते 39 अंश सेल्सियस असतं. ते 41 च्या वर गेलं की जिवावर बेततं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 42-43 ला टेकतो आणि काचा बंद असलेली गाडी थोड्याच मिनिटांत बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापते.

गेल्या उन्हाळ्यात त्याच माळावर माझी नवी गाडी थांबली. पडद्यावर एक पिवळी खूण आली, आवाज न करता इंजिन बंद झालं, एसी बंद, आणि बॅटरीनेही मान टाकल्यामुळे काचा जिथल्या तिथे. दारं उघडून बसावं तर शेजारून ट्रेलर शंभरच्या वेगाने जातात. हा आता महामार्ग 65, चौपदरी, मध्ये दुभाजक, कडेला लोखंडी कठडा. सावली नाही. बोनेट उघडलं तर प्लास्टिकचं झाकण दिसतं. त्याखाली ओलं फडकं गुंडाळण्याजोगं काही उरलेलं नाही. याच एमआयडीसीत प्रिसिजन कंपनीच्या कारखान्यात बनलेले कॅमशाफ्ट देशोदेशीच्या गाड्यांच्या इंजिनांत फिरतात. म्हणजे इंजिनाची जाण असलेली माणसं हाकेच्या अंतरावर, आणि तरी आपल्या गाडीला हात लावू शकणारा तिथे एकही नाही, कारण तिला आता पान्याआधी लॅपटॉप लागतो.

विम्याची मदत आली, नाही असं नाही. सपाट पाठीची क्रेन, नीट गणवेशातला चालक, गाडी वर चढवण्याची पद्धत अशी की ओरखडा नाही. पुढचा प्रश्न त्यानेच काढला. ओढून नेल्या जाणाऱ्या गाडीत कुणी बसायचं नाही, हा नियम योग्यच आहे. केबिनमध्ये दोघांची जागा. "साहेब, कुत्रं केबिनमध्ये नको, मालक ओरडतो." मोबाईलवर टॅक्सी शोधली. मिळाली ती पग पाहून परत गेली. कारखान्याच्या गेटवर विचारलं तर रखवालदाराने वहीकडे बोट दाखवलं. त्यात नाव, कंपनी, भेटीचं कारण असे रकाने होते, कुत्र्याचा नव्हता. गेटबाहेर कॅन्टीनच्या उष्ट्यावर पोसलेली सात-आठ भटकी कुत्री पगकडे बघत उठून बसली, तेव्हा त्याला कडेवर घेण्यापलीकडे काही सुचलं नाही. शेवटी पहिल्या पाळीतून सुटलेल्या एका कामगाराने आपल्या छोट्या टेम्पोत आम्हाला घेतलं. "बसा की काका, त्यात काय," एवढंच म्हणाला.

रेल्वेने जावं म्हणाल, तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या पहिल्या वर्गाचा कूपे अख्खा आरक्षित करा, नाहीतर कुत्रा गार्डाच्या डब्यातल्या पेटीत. याच मार्गावर फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झालेल्या वंदे भारतला कूपेच नाहीत. म्हणून लोक कुत्र्यासाठी गाडी काढतात, आणि सगळी भिस्त त्या एका यंत्रावर येते.

नव्या गाड्या क्वचित बंद पडतात हे खरं. पण पडल्या की त्यांच्यात कुत्र्यासाठी काहीच शिल्लक राहत नाही. अशा वेळी कुत्रं तापलं तर बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका. साधं पाणी पोटाला, पायांना लावा, वारा घाला, थोडं थोडं पाजा. महामार्गाच्या मदतीसाठी 1033 आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हे दोन क्रमांक फोनमध्ये ठेवा. 1962 ची पथकं मुख्यतः गाई-म्हशींसाठी फिरतात, पण सल्ला विचारायला हरकत नाही.

महामार्ग प्राधिकरणाला आणि विमा कंपन्यांना एक विनंती. फोन घेणारा "गाडीत माणसं किती?" असं विचारतोच. त्याच्या पुढच्या ओळीत "जनावर आहे का?" एवढं घाला, आणि ज्या क्रेनच्या केबिनमागे जागा आहे तिथे एक हवेशीर जाळीचा पिंजरा बसवा.