जादा वाट आणि कॅथेटरचे टोक

हृदयाचे वरचे कप्पे म्हणजे अलिंद आणि खालचे कप्पे म्हणजे निलय यांच्यामध्ये तंतुमय ऊतींचे वीजरोधक कडे असते, त्यामुळे वरून खाली येणाऱ्या विद्युत्संदेशाला एव्ही नोड व त्याला जोडलेला हिस बंडल हा एकच मार्ग उरतो. या नोडमध्ये संदेश क्षणभर रेंगाळतो आणि तेवढ्यात अलिंदातील रक्त निलयात उतरते. काही व्यक्तींमध्ये मात्र जन्मतःच स्नायूचा एखादा बारीक धागा या कड्याच्या आरपार राहून गेलेला असतो. तो रोगट नसतो, साधा हृदयस्नायूच असतो, पण संदेशाला थोपवून धरणे त्याच्या स्वभावात नाही. म्हणून निलयाचा काही भाग वेळेआधी उत्तेजित होतो आणि ईसीजीवर डेल्टा वेव्ह हा तिरका चढ उमटतो. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तिघांनी १९३० मध्ये हे चित्र व त्याच्या जोडीने येणारे धडधडीचे झटके ११ रुग्णांच्या आधारे मांडले, म्हणून हा विकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

झटक्याच्या वेळी संदेश बहुधा नोडमधून खाली उतरतो, जादा वाटेने वर परततो आणि हे चक्र काही केल्या थांबत नाही. १९६८ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात शल्यविशारद विल सीली यांनी छाती उघडून अशी वाट प्रथम यशस्वीपणे कापली. आज तेच काम जांघेतील रक्तवाहिनीतून सरकवलेल्या कॅथेटरने होते. त्याच्या टोकातून रेडिओफ्रिक्वेन्सी ऊर्जा सोडली की टोकाला टेकलेला स्नायू तापतो, आणि तापमान ५० अंश सेल्सियसच्या पुढे काही काळ टिकले की तेवढा भाग संदेश वाहून नेण्याची क्षमता कायमची गमावतो. ओक्लाहोमा येथील जॅकमन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये १६६ रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि त्यांतील जवळजवळ सर्वांमध्ये जादा वाट बंद झाल्याचे दिसल्यावर या उपचारासाठी छाती उघडण्याची गरज झपाट्याने मागे पडली.

ऊर्जा देण्याचा भाग काही सेकंदांचा असतो. खरे कसब त्याआधीच्या शोधात आहे, आणि या विद्येचे मोल तिथेच ठरते. टोक झडपेच्या कडेवरून कणाकणाने सरकवले जाते आणि पडद्यावर अलिंदाचा व निलयाचा असे दोन सिग्नल एकामागून एक दिसत राहतात. वाट जवळ येते तसे त्यांच्यातील अंतर मिटत जाते आणि नेमक्या जागी ते एकमेकांत मिसळतात; कधी कधी त्यांच्या मधोमध त्या धाग्याचा स्वतःचा बारीक, टोकदार सिग्नलही दिसतो, आणि तो दिसावा यासाठी घालवलेला वेळ कधीच वाया जात नाही. श्वासागणिक हृदय वरखाली होते आणि कॅथेटरही हलते, म्हणून जागा सापडणे आणि त्या जागी स्थिर राहणे ही दोन वेगळी कामे ठरतात. जागा अचूक असेल तर ऊर्जा सुरू होताच थोड्याच सेकंदांत डेल्टा वेव्ह नाहीशी होते. ती तशी गेली नाही, तर अधिक जाळत बसण्यापेक्षा ऊर्जा थांबवून पुन्हा शोधणे शहाणपणाचे, कारण अर्धवट तापलेली ऊती सुजते, वाट तात्पुरती गप्प होते आणि पुढचे सगळे वाचन फसवे ठरते.

वाट हिस बंडलच्या शेजारी असेल तर प्रश्न वेगळाच होतो. तिथे काही मिलिमीटरची चूक झाली तर नैसर्गिक मार्गच तुटू शकतो आणि तरुण रुग्णाला आयुष्यभर पेसमेकर बाळगावा लागू शकतो. अशा ठिकाणी क्रायोअॅब्लेशनचा, म्हणजे गोठवण्याचा, आधार घेता येतो, कारण ऊती सौम्य थंड केली असता तिचे कार्य आधी फक्त थांबते आणि नैसर्गिक मार्गाला धक्का बसतो आहे असे दिसताच थंडावा काढून घेतला तर ते बहुधा परत येते. अशा वाटा पुन्हा जाग्या होण्याचे प्रमाण या पद्धतीत अधिक असते हे खरे. तरीही ती किंमत रास्त आहे. ज्याची वाट संथ आहे, म्हणजे अलिंदाच्या अनियंत्रित कंपनातही जी निलयाकडे अतिवेगाने संदेश नेऊ शकत नाही, आणि ज्याचे झटके विरळ व सौम्य आहेत, अशा रुग्णाच्या बाबतीत काही न जाळता कॅथेटर बाहेर काढणे हादेखील पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय असतो, आणि तो रुग्णाला व त्याच्या घरच्यांना कारणांसह समजावून सांगणे हे त्याच कामाचे अंग मानले पाहिजे.